जिहादी संघटनेतली बाई नेमकं काय करत होती, हे बातमीतून ओळखायचं कसं

एखाद्या हल्ल्यात बाई निघाली की हेडलाइन ठरलेल्याच असतात, एक तर "भोळी पोरगी, ब्रेनवॉश केली" नाहीतर "नवऱ्याचा सूड घ्यायला निघालेली विधवा". तिसरा खण नाहीच. मी बरीच वर्षं हे वाचतेय, कोर्टाचे निकाल, संघटनांची स्वतःची मासिकं, त्यांच्या नेत्यांची पत्रं वगैरे, आणि सुरुवातीला मीसुद्धा प्रत्येक बाई ह्याच दोन खणांत कोंबायचे. एकदा तर एका अभ्यासवर्गात ठासून सांगितलं की इस्लामी संघटना बायकांना लढू देतच नाहीत, विषय संपला, आणि मागच्या बाकावरच्या एका मुलीने शांतपणे हमास ह्या पॅलेस्टिनी संघटनेच्या चार्टरचं, म्हणजे जाहीरनाम्याचं, कलम १२ वाचून दाखवलं. १९८८ चा चार्टर. त्यात सरळ लिहिलंय की शत्रूशी लढणं आता प्रत्येकावर फर्ज म्हणजे धार्मिक कर्तव्य आहे, बाईने नवऱ्याची परवानगी न घेता बाहेर पडलं तरी चालेल. माझी चांगलीच शोभा झाली. तेव्हापासून वाचायची जी पद्धत हळूहळू बसवत गेले ती इथे सांगतेय, पत्रकारिता शिकत असाल, पेपर लिहायचा असेल किंवा नुसतं बातमी वाचून डोकं भणभणत असेल तरी उपयोगी पडेल.

आधी एक गैरसमज काढून टाका म्हणजे पुढचं सोपं जाईल. बाईला बॉम्ब बांधून पाठवायची कल्पना धार्मिक संघटनांची नाही. एप्रिल १९८५ मध्ये दक्षिण लेबनॉनमध्ये सना मेहैदली हिने इस्रायली सैनिकांवर गाडी घातली, ती सीरियन सोशल नॅशनलिस्ट पार्टीची, म्हणजे सेक्युलर पक्षाची. २१ मे १९९१ ला श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींना मारलं ते एलटीटीईने, त्यांचा इस्लामशी काडीचा संबंध नाही. जानेवारी २००२ मध्ये जेरुसलेममध्ये स्फोटात मेलेली वफा इद्रिस फतह ह्या सेक्युलर पॅलेस्टिनी पक्षाशी जोडलेल्या गटाची होती. धार्मिक संघटना ह्या रांगेत मागाहून आल्या, आणि आल्या त्या कुरकुरत आल्या, मौलवींचा आधार शोधत आल्या. म्हणून बाई दिसली रे दिसली की "त्यांच्या धर्मातच आहे" किंवा "त्यांच्या धर्मात तर हे बसतच नाही", ह्यातलं काहीही बोलायची घाई करू नका.

आता मी सगळ्यात पहिली गोष्ट बघते ती नाव. संघटना, तुकडी, मासिक, काहीही असो, बायकांच्या गटाला नाव कुणाचं दिलंय ते बघा. दोन नावं सारखी सारखी येतात. एक खन्सा, ती अरबी कवयित्री, जिचे चार मुलगे सातव्या शतकात कादिसियाच्या लढाईत पडले आणि तिने म्हणे त्याबद्दल देवाचे आभार मानले. दुसरी नुसैबा, काबची मुलगी, जी ६२५ साली उहुदच्या लढाईत जखमींना पाणी पाजायला गेली होती आणि फळी फुटल्यावर हातात तलवार घेऊन पैगंबरांच्या पुढे उभी राहिली. एक मुलं देणारी आई, दुसरी स्वतः वार झेलणारी. दोघी एकाच परंपरेतल्या, दोघींना मान. आता गंमत बघा, २००४ मध्ये सौदी अल-कायदाने बायकांसाठी जे ऑनलाइन मासिक काढलं त्याचं नाव अल-खन्सा. २०१४ मध्ये आयसिसने सीरियातल्या रक्कामध्ये बायकांची नैतिक पोलीस तुकडी उभी केली तिचं नावही अल-खन्सा. आणि त्याच रक्कामध्ये शहर हातातून जायची वेळ आली तेव्हा ज्या तुकडीत बायकांना एके-४७, ग्रेनेड आणि स्फोटकांचे पट्टे शिकवले तिचं नाव कतिबा (म्हणजे तुकडी) नुसैबा. नाव बदललं म्हणजे गरज बदलली.

ही नुसैबावाली केस जरा जवळून बघण्यासारखी आहे कारण तिची कोर्टातली कागदपत्रं उघड आहेत. चालवणारी बाई अमेरिकेतल्या कॅन्ससची, अ‍ॅलिसन फ्लूक-एक्रन, मुलंबाळं असलेली, आधी शिक्षिका म्हणून काम केलेली. बायकांची तुकडी काढायचा तिचा आग्रह बराच काळ चालला होता, रक्काच्या वालीने म्हणजे आयसिसच्या गव्हर्नरने परवानगी दिली ती २०१६ मध्ये, आणि फेब्रुवारी २०१७ ला तुकडी सुरू झाली. जूनमध्ये रक्काची लढाई. तारखा एकाखाली एक लिहिल्या की धर्मशास्त्राचा वेगळा अभ्यास करायची गरजच पडत नाही. शंभरावर बायका-मुलींना तिने ट्रेनिंग दिलं, त्यातल्या काही दहा-अकरा वर्षांच्या, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये व्हर्जिनियाच्या कोर्टाने तिला वीस वर्षं दिली तेव्हा तिच्या विरोधात बोलायला तिची स्वतःची मुलगी उभी होती. हिला कुठल्या खणात टाकणार, भोळी की विधवा?

म्हणून दुसरं काम, प्रत्येक कागदाला तारीख लावा आणि त्याच्या शेजारी त्या महिन्यात संघटनेची हालत काय होती ते लिहा. मी वहीत दोन रकानेच करते. आयसिसच्या बायकांच्या विंगने जानेवारी २०१५ मध्ये एक लांबलचक दस्तऐवज अरबीत सोडला, त्यात बाईचं मूळ काम घर आणि मुलं, नऊव्या वर्षी लग्न झालं तरी ठीक, बाहेर पडायचं ते धर्म शिकायला, डॉक्टर किंवा शिक्षिका असेल तर, आणि लढायचं ते फक्त पुरुष कमी पडले आणि तसा फतवा निघाला तर. हे कधीचं? मोसुल, रक्का ताब्यात, माणसं रांग लावून येतायत तेव्हाचं. ऑक्टोबर २०१७ मध्ये त्यांच्याच अल-नबा ह्या साप्ताहिकाने बायकांना जिहादसाठी तयार व्हायला सांगितलं, उदाहरण अर्थात नुसैबाचं. फेब्रुवारी २०१८ मध्ये तर बंदूक घेतलेल्या बायकांचा व्हिडिओ आला. तोपर्यंत मोसुल गेलं होतं, रक्का गेलं होतं. आणि लक्षात घ्या, २०१५ च्या कागदात ती "पुरुष कमी पडले तर" वाली फट आधीच ठेवलेली होती, वाचणाऱ्यांनी ती वाचली नाही इतकंच.

हमासचंही तेच. चार्टरमध्ये कलम १२ आहे पण कलम १७ आणि १८ बघितलीत तर तिथे बाई म्हणजे पुरुष घडवणारी, मुलांना वळण लावणारी, घरखर्चात काटकसर करणारी. २००२ मध्ये हमासचे संस्थापक शेख अहमद यासीन म्हणत होते की सध्या बायकांची गरज नाही, पुरुषच इतके येतायत की आम्हाला पुरे पडत नाही. जानेवारी २००४ मध्ये हमासने रीम रियाशीला आत्मघाती हल्ल्याला पाठवलं, दोन लहान लेकरांची आई, आणि तेव्हा यासीन म्हणाले की पुरुषांना आता अडचणी येतात. धर्म तोच, शेख तेच, चेकपॉइंट वाढले होते. आणि तेवढ्यावरून हमास बायकांना पुढे करणारी संघटना झाली असं समजू नका, त्यांच्या पॉलिटिकल ब्युरोवर पहिली बाई, जमीला अल-शांती, निवडून आली ती २०२१ मध्ये. मरायला बाई सतरा वर्षं आधी चालली.

अल-कायदात तर नवरा-बायकोतच दोन सूर ऐकू येतात. २००८ मध्ये अल-कायदाचा तेव्हाचा दुसऱ्या क्रमांकाचा नेता ऐमन अल-जवाहिरीने प्रश्नोत्तरांत सांगून टाकलं की अल-कायदात बायका नाहीत. नेटवरच्या समर्थक बायका चिडल्या, बऱ्याच हिरमुसल्या. डिसेंबर २००९ मध्ये त्याची बायको उमैमा हसन हिचं पत्र आलं, त्यात ती म्हणते जिहाद बाईवरही फर्ज आहे पण रणांगण आपल्यासाठी सोपं नाही, सोबत महरम लागतो, तेव्हा पैसा, लेखन, निरोप, मुलांना घडवणं ह्यातून मदत करा. महरम म्हणजे ज्याच्याशी लग्न होऊ शकत नाही असा जवळचा पुरुष, बाप, भाऊ, मुलगा (नवराही चालतो). हा शब्द कुठल्याही कागदात दिसला की तिथे थांबा. बाईला आणायचीय की अडवायचीय ह्यावर महरमची अट कडक किंवा सैल होते. सीरियाकडे एकट्या निघालेल्या मुलींच्या बाबतीत ती अट बघता बघता गळून पडली.

आता हे महत्त्वाचं, आणि इथेच बहुतेक लिखाण घसरतं. बंदूक शोधू नका. बाईच्या हातात बंदूक आहे का हा प्रश्न कॅमेऱ्याला आवडतो, पण संघटना चालते ती इतर कामांवर, आणि ती कामं "घरातली" म्हणून कुणी मोजतच नाही. पाकिस्तानातल्या स्वात खोऱ्याचं उदाहरण घ्या. २००६-०७ मध्ये तिथला तालिबानी नेता मुल्ला फजलुल्लाह एका गावठी एफएम स्टेशनवरून रोज बोलायचा. घराघरात रेडिओ, पुरुष कामाला, कितीतरी घरातले तर आखातात, म्हणजे ऐकणार कोण तर घरातल्या बायका. तो बायकांशी बोलायचा, त्यांना भावेल असं बोलायचा, आणि बायकांनी अंगावरचे दागिने काढून दिले, बांगड्या, कानातलं, त्याच्या मदरशाच्या बांधकामासाठी. कुणी बळजबरी केली नव्हती. पुढे काय झालं, डिसेंबर २००८ मध्ये त्याच रेडिओवरून हुकूम निघाला की १५ जानेवारी २००९ पासून मुलींच्या शाळा बंद. ज्या बाईने बांगडी दिली तिच्याच मुलीचं दप्तर खुंटीला लागलं. हल्लेखोरांच्या कुठल्याही यादीत ही बाई सापडणार नाही, पण तिच्याशिवाय स्वातची गोष्ट पुरी होत नाही.

लष्कर-ए-तैयबात अशीच एक अदृश्य जागा आहे, आईची. मुलगा निघण्याआधी आईची परवानगी, तो मेल्यावर तिचे शब्द. त्या आयांच्या कहाण्या "हम माएं लश्कर-ए-तैयबा की" ह्या नावाने तीन खंडात छापल्यात, संपादन एका बाईचंच, उम्म हम्माद. तिथे शोक करायची सुद्धा एक पद्धत ठरलेली आहे, रडायचं नाही, मिठाई वाटायची. परत खन्साच! लग्नं तशीच वाचा. आग्नेय आशियातल्या जेमा इस्लामिया ह्या संघटनेत आणि अफगाण-पाक पट्ट्यात कुणाची बहीण कुणाला दिली ह्यावरून गटांची सोयरीक, विश्वास, पैशाची वाट कळते, सोयरीक हा शब्द इथे अगदी शब्दशः घ्या. आयसिसमध्ये एकट्या आलेल्या मुलींना मदाफा नावाच्या बायकांच्या घरात ठेवायचे आणि लग्न हाच बाहेर पडायचा रस्ता. नवरा मेला की इद्दतचे, म्हणजे विधवेने दुसरं लग्न न करण्याचे, चार महिने दहा दिवस आणि मग पुढचा नवरा, तेही चार महिने दहा दिवस पाळले तर. त्यामुळे "जिहादी ब्राइड" हा शब्द वाचला की विचारा, लग्नाआधी ती कुठे राहत होती, त्या घराची किल्ली कुणाकडे होती.

पुढची पायरी म्हणजे "बायका" असा एक ढीग करू नका. एकाच घरात एक बाई मालकीण असते आणि दुसरी विकत आणलेली. ३ ऑगस्ट २०१४ ला आयसिसने उत्तर इराकमधल्या सिंजारवर हल्ला केला, तिथल्या यझिदी ह्या अल्पसंख्य धर्माचे सहा हजारांवर लोक पळवून नेले, बहुतेक बायका आणि मुलं, बायकांना सबाया म्हणजे लढाईची लूट म्हणून बाजारात विकलं. ह्याच बायकांतली एक नादिया मुराद, तिथल्याच कोचो गावातली, २०१८ ला तिला शांततेचं नोबेल मिळालं. आता ह्या गुलाम बायका राहायच्या कुठे? लढवय्यांच्या घरात. आणि त्या घरात बायको असायची. यझिदी बायकांच्या जबान्यांत हे वारंवार येतं की बायकोने कोंडलं, मारलं, कामाला जुंपलं, क्वचित एखादीने लपून मदतही केली. ऑक्टोबर २०२१ मध्ये म्युनिकच्या कोर्टाने एका जर्मन बाईला दहा वर्षं दिली, तिच्या नवऱ्याने पाच वर्षांच्या यझिदी मुलीला अंथरूण ओलं केलं म्हणून भर उन्हात साखळीने बांधलं, पोरगी तहानेने मेली आणि ही बघत होती. पुढे शिक्षा चौदा वर्षांवर नेली. ह्या बाईचा बचाव काय होता तर मी घाबरले होते, माझं चालत नव्हतं. काही अंशी खरंही असेल! म्हणून मी नेहमी विचारते, तिच्या वर कोण होतं आणि तिच्या खाली कोण होतं. दुसरा प्रश्न जवळपास कुणीच विचारत नाही.

मर्जी की जबरदस्ती हा वाद पण असाच खणात अडकतो. १४ एप्रिल २०१४ ला नायजेरियात बोको हराम संघटनेने चिबोकच्या शाळेतून २७६ मुली नेल्या हे सगळ्यांना माहीत. दोनच महिन्यांनी, जूनमध्ये, गोम्बेला लष्कराच्या बराकीपाशी त्यांची पहिली बाई बॉम्बर. पुढे आकडे कुठे गेले बघा, एप्रिल २०११ ते जून २०१७ मधल्या ४३४ बॉम्बरांचा एक अभ्यास आहे, त्यात ३३८ जणांचं लिंग ओळखता आलं आणि त्यातल्या किमान २४४ बायका-मुली. आकडा वाचायची सवय इथे लावून घ्या, २४४ भागिले ४३४ नाही, २४४ भागिले ३३८, बातमीदार हमखास घोळ घालतात. आणि ह्यातल्या कितीतरी लहान मुली, त्यांना कशाची मर्जी. पण त्याच बोको हरामकडे काही बायका स्वतःहून गेल्या, सुटका झाल्यावर परतसुद्धा गेल्या, कारण कमांडरची बायको म्हणून तिथे हाताखाली माणसं होती आणि घरी आल्यावर सगळे संशयाने बघायचे. एकाच संघटनेत दोन्ही खरं. पॅराग्राफ वेगळे करा, वाक्यात मिसळू नका.

आयसिसकडे बाहेरच्या देशांतून गेलेल्यांत बायका साधारण ४,७०० होत्या असा अंदाज आहे, एकूण चाळीस हजारांहून थोड्या जास्त माणसांत. म्हणजे दहातली एक, थोडी जास्त. बातम्यांत मात्र जागा अर्धी.

आता पुरुष. रोल म्हटलं की सगळे बायकांवर लिहितात, पण निम्मी गोष्ट पुरुषाची आहे आणि ती लाजेवर चालते. २००५ मध्ये इराकमधल्या अल-कायदाचा प्रमुख जरकावी ह्याने एका ऑडिओत जे म्हटलं त्याचा अर्थ असा की बहिणी शहादतीसाठी पुढे येतायत आणि तुम्ही घरी बसलाय, पुरुष संपले का? बाई पुढे केली ती पुरुषाला टोचायला. त्याच वर्षी ९ नोव्हेंबरला अम्मानमध्ये त्याने खरोखर एक जोडपं पाठवलं, हॉटेलात लग्नाचा समारंभ चालू, नवऱ्याचा पट्टा फुटला, साजिदा अल-रिशावीचा फुटला नाही, ती पळत्या गर्दीबरोबर बाहेर पडली. काही दिवसांनी जॉर्डनच्या टीव्हीवर तिला पट्टा घातलेल्या अवस्थेत उभं करून कबुली घेतली, स्वतःच गिरकी घेऊन दाखवतेय, चेहऱ्यावर काही नाही. २०१५ ला फाशी.

आणि ही लाज सरकारंही वापरतात हे विसरू नका. इस्लामाबादची लाल मशीद, जानेवारी २००७, तिच्याशी जोडलेल्या जामिया हफ्सा ह्या मुलींच्या मदरशातल्या बुरखा घातलेल्या मुली हातात बांबू घेऊन शेजारची लहान मुलांची लायब्ररी ताब्यात घेतात, जगभर फोटो. जुलैमध्ये वेढा पडला तेव्हा मशिदीचा प्रमुख मौलाना अब्दुल अझीझ बुरखा घालून निसटताना पकडला गेला आणि पाकिस्तानच्या सरकारी टीव्हीने त्याला त्याच बुरख्यात मुलाखतीला बसवलं. मुलींच्या अंगावर जो बुरखा दरारा होता तोच मौलानाच्या अंगावर थट्टा झाला. कॅमेरा कुणाचा आहे ते बघितल्याशिवाय असा फोटो वापरू नका. आयसिसविरुद्ध लढणाऱ्या कुर्दी बायकांच्या हातून मेलं तर जन्नत मिळत नाही म्हणून आयसिसवाले पळतात, ही लाडकी गोष्ट पण त्यातलीच, ती मुख्यतः कुर्दी बाजूने सांगितली गेली, छान आहे, पण सांगणाऱ्याचं नाव लावून छापा.

शेवटी कॅम्प. मार्च २०१९ मध्ये आयसिसच्या ताब्यातलं शेवटचं गाव बागूझ पडल्यावर ईशान्य सीरियातल्या अल-होल कॅम्पमध्ये सत्तर हजारांवर माणसं कोंबली गेली, जवळपास सगळ्या बायका आणि पोरं. तिथे नकाब न घालणाऱ्यांना मारहाण करणाऱ्या बायका होत्या, म्हणजे खन्सा तुकडी तंबूत परत उभी. पण मी वाचताना पहारेकऱ्यांची बाजूही तपासते, कारण तिथे रोल वाटण्याचं काम त्यांनीही केलं. मुलगा किशोरवयात आला की तो धोका समजून त्याला आईपासून उचलून वेगळ्या केंद्रात न्यायचे, संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी त्यावर आक्षेपही घेतला. त्याच वयाची त्याची बहीण तंबूतच राहायची. त्या दोघांनी काय केलं होतं हे कुणी विचारलंय का, तेवढं त्या बातमीत शोधा.